कायद्यानं लागतो का?

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कुंदा गावंडेच्या पडद्यावर एक नंबर लाल झाला. तो नंबर तिला पाठ होता.

वर्धिनी विमा कंपनीच्या अमरावती शाखेत तिला अठरा वर्षं झाली होती. गेली चार वर्षं ती वाहनविभागात पडताळणीच्या टेबलावर बसत होती. जिल्ह्यातल्या प्रवासी गाड्यांचे नंबर रोज सकाळी तिच्यापुढे येत आणि प्रत्येक नंबरासमोर एक रंग असे. हिरव्याकडे बघायचंही कारण नव्हतं. पिवळ्याची नोंद ठेवायची. लाल आला तर तो मुंबईच्या वैद्यकीय मंडळाकडे रवाना करायचा आणि पुढच्या नंबराकडे वळायचं. चालकाचं नाव, गाव, वय काहीच दिसत नसे. ते दिसू नये अशीच कायद्यानं तजवीज केली होती. पण एकसष्ट शून्य आठ या नंबराची जीप घेतली तेव्हा कुंदा स्वतः आरटीओच्या रांगेत भावाशेजारी उभी होती, आणि गाडीपुढे नारळही तिनंच फोडला होता.

प्रल्हाद. तिच्याहून सहा वर्षांनी लहान. परतवाडा ते चिखलदरा, दिवसाला तीन फेऱ्या, सगळ्या घाटातून.

लाल रंगाशेजारी बारीक अक्षरांत दोनच गोष्टी लिहिलेल्या होत्या. ‘ठोकाखंड’ आणि ‘संभाव्य कालावधी : शून्य ते तीस दिवस’.

तिनं पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली.

हे लाल-हिरवं प्रकरण सुरू होऊन पाच वर्षं झाली होती. त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट साधी आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर विजेची एक अगदी क्षीण लहर अंगभर पसरते, आणि डावा हात नि उजवा हात यांच्या मधे ती पकडता येते. दवाखान्यात तारा चिकटवून आलेख काढतात तो याच लहरीचा. गाडी चालवणारा माणूस तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवूनच बसलेला असतो. तेव्हा एका संशोधक गटानं स्टिअरिंगच्या वेष्टनात धातूचे बारीक धागे विणले आणि हा आलेख दिवसभर काढायला सुरुवात केली. दवाखान्यातला आलेख मिनिटभराचा. त्या मिनिटात हृदय शहाण्यासारखं वागलं की कागद स्वच्छ. स्टिअरिंग मात्र रोज आठ-आठ तास ऐकत बसायचं.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे ठोक्याचा हुकूम पोचवणारा पेशींचा एक नाजूक पट्टा असतो. तो झिजायला लागला की एखादा हुकूम वाटेतच हरवतो. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून. माणसाला पत्ताही लागत नाही. फार तर डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते. मग एक दिवस हुकूम ओळीनं हरवतात, हृदय पाच-दहा सेकंद गप्प बसतं आणि माणसाची शुद्ध जाते. खुर्चीत असला तर घसरून पडेल, उठून पाणी मागेल. घाटातल्या वळणावर असला तर पाणी मागायला कुणी उरत नाही. यंत्र हे सुटे हरवलेले ठोके मोजून तो दिवस किती जवळ आलाय ते सांगायचं, आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर सांगायचं. उपाय तर अगदीच सोपा. गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर बसवायचा, दोन दिवसांत घरी.

अडचण होती ती कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, याची.

कुंदा जीपस्टँडवर विम्याची शिबिरं घ्यायची तेव्हा चालकांना समजावून सांगायची. गाडी रस्त्यावर आणायची तर थर्ड पार्टी विमा कायद्यानं लागतो. तो तुमच्यासाठी नाही. तुमच्या गाडीनं ज्याला इजा होईल त्या परक्या माणसासाठी आहे. मालक स्वतःच गाडी चालवत असेल तर त्याचा अपघात विमाही लागतो. तो मेला किंवा कायमचा अधू झाला तर घरच्यांना काही मिळावं म्हणून. घातक रसायनांच्या कारखान्याला कुंपणाबाहेरच्या लोकांचा विमा लागतो. बाकी तुमच्या गाडीचं स्वतःचं नुकसान, तुमचं घर, तुमचं आयुष्य, तुमचं आजारपण, यांचा विमा ज्याच्या त्याच्या मर्जीचा. ती हे सगळं तासभर बोलायची, आणि शेवटी कुणीतरी उठून विचारायचंच, “ताई, यातला कायद्यानं लागतो तेवढाच सांगा ना.” ती तेवढाच सांगायची. चुकीचं उत्तर तिनं कधी दिलं नव्हतं.

स्टिअरिंगचं यंत्र सक्तीचं झालं ते थर्ड पार्टी विम्याचा भाग म्हणून, म्हणजे परक्यांच्या रक्षणासाठी. पहिल्या वर्षी त्याचे निकाल सरळ चालकांना आणि मालकांना कळवले जात. मग बसमालकांनी पिवळ्या रंगाच्या चालकांनाही घरी बसवलं. याद्या बाहेर विकल्या गेल्या, ठरलेली लग्नं मोडली, आणि यंत्रानं चुकून लाल ठरवलेल्यांपैकी दोघांनी जीव दिला. प्रकरण न्यायालयात गेलं. सक्तीच्या यंत्रातून कुणाच्याही शरीराची झडती घेता येणार नाही, असा निकाल लागला. तेव्हापासून कंपनीला फक्त नंबर, रंग आणि लालशेजारची ती बारीक टीप दिसायची. लाल नंबर मंडळाकडे जायचा, मंडळ एकवीस दिवसांत खात्री करून घ्यायचं, आणि मगच चालकाला पत्र जायचं. त्याआधी कर्मचाऱ्यानं चालकाला काही कळवलं तर तीन वर्षं कैद. अपवाद एकच. चालकाची स्वतःची आरोग्य पॉलिसी असेल आणि त्यानं संमती दिली असेल, तर त्याचं वाचन त्याच्या फोनवर ताबडतोब उघडायचं. त्याला स्व-वाचन म्हणत.

प्रल्हादकडे ती पॉलिसी नव्हती. ती ऐच्छिक होती.

कुंदा शाखाप्रमुख तनुजा बारब्दे यांच्या केबिनमध्ये गेली.

“मॅडम, मंडळाकडून एखादं उत्तर लवकर मागवता येतं का?”

“एकवीस दिवस. तुम्हाला नव्यानं सांगायला हवं का?”

“घाटातली गाडी आहे.”

तनुजाबाईंनी चष्मा काढला. “घाटातली आहे हे तुम्हाला कसं कळलं, कुंदाताई?”

कुंदा टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

“मी काही ऐकलं नाही,” तनुजाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “ऐकलं तर मला वर कळवावं लागेल. आपल्या सगळ्यांचे फोननंबर प्रणालीत आहेत, हे विसरू नका. लाल नंबराच्या घरी कुणाचा फोन गेला तर ती आपोआप जुळवून बघते.”

“आणि या एकवीस दिवसांत काही झालं तर?”

“तर मागे बसलेल्यांना आणि रस्त्यावरच्यांना भरपाई मिळेल. चालकाच्या घरीही मिळेल. कायदा आपल्याकडून तेवढंच मागतो.” त्या हे निर्दयपणे म्हणाल्या नाहीत. उलट त्यांचा आवाज थकलेला होता. मग चष्मा पुसत, खाली बघत त्या म्हणाल्या, “स्वतःची पॉलिसी असलेल्यांचं बरं असतं.”

ही वाट दाखवली होती की नुसतं मनातलं बोलल्या होत्या, ते कुंदाला कळलं नाही. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बसस्टँड गाठला.

परतवाड्याची बस लागायला पंधरा मिनिटं होती. शेजारी भाजीची पिशवी घेऊन एक बाई बसली होती. कुंदानं तिचा फोन मागून घेतला.

“कोण?” प्रल्हादचा आवाज आला. मागे माणसांचा गलका होता.

“मी, कुंदा.”

वर्षभरात दोघं धड बोलले नव्हते. गेल्या पावसाळ्यात जीपवर झाड कोसळलं होतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा त्यानं घेतला नव्हता, आणि तो का घेतला नाही याची दोघांची आठवण वेगवेगळी होती. कुंदाच्या आठवणीत ती म्हणाली होती, “कायद्यानं लागत नाही, पण तू घे.” प्रल्हादच्या आठवणीत त्यातलं ‘कायद्यानं लागत नाही’ एवढंच होतं.

“हा कोणाचा नंबर हाय?”

“ते जाऊ दे. आज गाडी काढू नको. मी येऊन राह्यली.”

“काऊन? काय झालं? भाऊजी बरे हायेत ना?”

“ते बरे आहेत. तू फक्त गाडी काढू नको. आल्यावर सांगते.”

“ताई, नऊ सीटा भरल्या माह्या. बसलेल्या लोकाइले उतरवू काय आता? दुपारी येजो घरी, मंग बोलू.” दार लावल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. तिनं पुन्हा लावला. वाजत राहिला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा ‘संपर्कक्षेत्राच्या बाहेर’ ऐकू आलं. म्हणजे गाडी निघाली होती.

बसमध्ये तिला नेमकी चालकाच्या मागची जागा मिळाली. दीड तास ती त्याच्या हातांकडे बघत होती. हात घट्ट होते, मनगटावर लाल दोरा होता. समोरून ट्रक आला की तिची बोटं आपोआप पुढच्या दांडीवर आवळायची. नऊ सीटा, तिनं मनात म्हटलं. आणि तो धरून दहा.

परतवाड्याच्या घरी प्रल्हादची बायको अनसूया एकटीच होती. नणंदेला दारात बघून ती चपापली, पण काही न विचारता पाणी आणून ठेवलं.

“प्रल्हादची तब्येत बरी आहे ना गं?” कुंदानं शक्य तितक्या सहज विचारलं.

“बरीच हाय म्हणा.” अनसूया थांबली. “मागच्या शुक्रवारी जेवता जेवता गप्पच बसले. हातातला घास हातातच. मी हाका मारतो तर बोलतच नाहीत. मंग एकदम म्हणाले, काय वं, कायले ओरडून राह्यली? अंधारी आली होती म्हणे.”

“किती वेळ?”

“चार-पाच सेकंद असतीन. पण ताई, त्याइचा फिटनेसचा कागद मागच्याच महिन्यात झाला. ईसीजी अगदी साफ हाय म्हणून डॉक्टरनं लिहून देलं.” अनसूयाचे डोळे तिच्या चेहऱ्यावर स्थिरावले. “तुम्ही काऊन विचारता?”

“सहज.”

तो दीडला येणार होता. दीड वाजून गेला. पावणेदोन झाले. अनसूया दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली आणि दुसऱ्यांदा आत आली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. कुंदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून बसली.

दोन वाजून दहा मिनिटांनी जीप फाटकाशी थांबली.

“वरतं दरड साफ करून राह्यले ना,” प्रल्हाद हातपाय धूत म्हणाला. “अर्धा घंटा उभं ठेवलं. वाढ वं लवकर. तीनला निघाचं हाय. कॉलेजच्या पोरी हायेत, अकरावीच्या. दहा जणी, सहल चालली चिखलदऱ्याले.” मग बहिणीकडे न बघता, “हं, बोल. काय एवढं अर्जंट होतं?”

कुंदानं बसमध्ये वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं वाटेना. तुझ्या हृदयात खोट आहे, असं सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, कशावरून? यंत्राचं नाव घेतलं की तुरुंग. आणि नाव घेऊनही त्यानं खिशातला फिटनेसचा कागद दाखवला असता, हसला असता, आणि तीन वाजता दहा मुली घेऊन घाट चढायला लागला असता. त्याचा कागदावर विश्वास होता. ज्या कागदावर खरं लिहिलं होतं तो त्याच्या नावानं कुलपात होता.

“तुझ्या आरोग्याची पॉलिसी काढायची आहे,” ती म्हणाली. “आत्ता, फोनवरच होते.”

प्रल्हादचा घास थांबला. कुंदाचं काळीजही थांबलं. पण तो फक्त तिच्याकडे बघत होता.

“यासाठी तू अमरावतीहून आली? टार्गेट गिर्गेट हाय काय?”

“असं समज.”

“तुह्या त्या ऐच्छिकचं नाव काढू नको माह्यापुढे. झाड पडलं तवा पाह्यलं मी सगळं.” तो पुन्हा जेवायला लागला. आणि मग, ती अठरा वर्षं प्रत्येक जीपस्टँडवर ऐकत आलेला तोच प्रश्न त्यानं विचारला. “कायद्यानं लागतो काय?”

अनसूया चपाती शेकता शेकता वळून बघत होती. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवून गेलं.

“लागतो,” कुंदा म्हणाली.

स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. “कालपासून. प्रवासी गाडी चालवणाऱ्याला आता सक्तीचा केला. तपासणीत नसला तर जागेवर परवाना जप्त.”

“काल? पेपरात तं काही नव्हतं.”

“कंपनीत पत्र आलं. पेपरात येईल.”

प्रल्हादनं तिच्याकडे नीट बघितलं. झाडाच्या भांडणातही त्यानं तिला खोटारडी म्हटलं नव्हतं. आपली बहीण नियमाबाहेर एक अक्षर बोलत नाही, याचाच तर त्याला राग होता. “तू सांगते म्हणजे असंन,” तो म्हणाला. हात धुऊन त्यानं फोन काढला.

अर्ज लांबलचक होता. तो एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत गेला. नाव. वय. तंबाखू. मधुमेह. “कंपनीच्या कर्मचाऱ्यानं तुम्हाला ही पॉलिसी घेण्यास सांगितलं का?” त्यानं मान वर केली. “हो लिहू?”

नाही लिही, असं म्हणणं किती सोपं होतं.

“खरं असेल ते लिही.”

“नाव बी मागते.”

“माझं नाव टाक.”

त्यानं टाकलं. शेवटचा रकाना आला. ‘वाहनातील यंत्राच्या स्व-वाचनास मी संमती देतो.’ त्यानं न वाचताच अंगठा टेकवला. पडद्यावर एक बारीक चक्र फिरायला लागलं. दोन चाळीस झाले होते. फाटकाशी मुलींचे आवाज आले. त्या वेळेआधीच येऊन पोचल्या होत्या आणि पुढे कोण बसणार यावरून वाद घालत होत्या. प्रल्हाद फोन खाटेवर ठेवून किल्लीकडे वळला.

फोन वाजला. साधी रिंग नव्हती. एकसुरी, न थांबणारा आवाज होता.

त्यानं उचलून वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग अनसूयाकडे दिला. तिनं ओठ हलवत वाचलं, ‘गाडी चालवू नका. आपल्या हृदयाच्या ठोक्यांत गंभीर खंड आढळला आहे. ताबडतोब रुग्णालयात जा.’

प्रल्हाद बहिणीकडे वळला. “तुले माहीत होतं.”

कुंदा चपला पायात सरकवायला लागली.

“बोल ना वं. तुले माहीत होतं, आन तू मले विमा विकून राह्यली होती?” त्याचा आवाज चढला. “अंऽ? सरळ तोंडानं सांगता नाही आलं? भाऊ हावो ना मी तुहा?”

“प्रल्हाद, आधी दवाखान्यात चल.”

“यंत्र चुकते! माहा ईसीजी साफ हाय!” त्यानं फळीकडे हात नेला, पण किल्ली तिथे नव्हती. ती अनसूयाच्या कमरेला खोचलेली होती.

“पोरीइले मी सांगून येतो,” ती म्हणाली. “तुम्ही ताईसंगं जा.”

यंत्र खोटं ठरवायचंच म्हणून तो निघाला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आलेख काढला. स्वच्छ. प्रल्हादनं कुंदाकडे विजयानं बघितलं. पण बाईंनी फोनवरचा मजकूर दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “संध्याकाळपर्यंत मॉनिटरवर ठेवते. काही नाही निघालं तर मी स्वतः लिहून देईन.”

तीन वाजले. सव्वातीन. हिरवी रेघ खाली-वर होत राहिली. प्रल्हाद छताकडे बघत पडला होता. तीन चाळीसला तो उठून बसला.

“बस झालं. काढा हे. तिकडे माह्या फेरीच्या पोरी दुसऱ्यानं नेल्या, आन मी अथी...”

वाक्य तिथेच राहिलं. त्याची नजर कुठेच नव्हती. रेघ सरळ झाली होती. मॉनिटर किंचाळायला लागला, बाई धावत आल्या, आणि प्रल्हाद बसल्या जागी, सावकाश, कुंदाच्या अंगावर कलंडला. तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. ते विलक्षण जड होतं. बाईंनी त्याच्या छातीवर हात ठेवले, आणि तेवढ्यात रेघ एकदा उडाली. मग पुन्हा. मग ओळीनं.

“अकरा सेकंद,” बाई म्हणाल्या.

प्रल्हादनं डोळे उघडले. “पाणी,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अमरावतीत त्याला सरकारी योजनेतून पेसमेकर बसवला. शुक्रवारी तो घरी गेला. आठवड्यानं आरटीओचं पत्र आलं. पेसमेकर असलेल्याला प्रवासी वाहन चालवता येणार नव्हतं. बावीस वर्षं चालवलेला घाट संपला. जीप दुसऱ्याच्या हातात गेली. कुंदा भेटायला गेली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि ती निघाली तरी त्यानं कूस बदलली नाही.

चौकशी तीन आठवड्यांनी लागली. मुंबईहून आलेले कामेरकर नावाचे अधिकारी बुटके, शांत, नीटस माणूस होते. अर्जातलं तिचं नाव त्यांच्यापुढे होतं, आणि त्या सकाळचा लाल नंबरही.

“दहा वीसला तुम्ही नंबर पाहिला. दुपारी त्याच माणसानं तुमच्या सांगण्यावरून पॉलिसी घेतली, तीही स्व-वाचनाची. गावंडेबाई, याला मी योगायोग म्हणू?”

“नाही.”

“म्हणजे तुम्ही त्याला कळवलंत.”

“नाही. मी त्याला सांगितलं की ही पॉलिसी कायद्यानं सक्तीची आहे.”

“ती तशी नाही.”

“नाही.”

कामेरकरांनी पेन खाली ठेवलं. “बंद घरात तुम्ही काय बोललात त्याला साक्षीदार दोघंच, भाऊ आणि भावजय. भाऊ बाहेर बसलेत. तुम्ही आजाराबद्दल एक शब्द बोललात असं ते म्हणाले, तर हे प्रकरण पोलिसांकडे जाईल. माझा नाइलाज आहे.”

प्रल्हाद आत आला. बारीक झाला होता. शर्टाच्या आत डाव्या बाजूला पट्टीचा फुगवटा दिसत होता. कुंदाच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तो पलीकडच्या खुर्चीवर बसला.

“तुमच्या बहिणीनं तुम्हाला हृदयाबद्दल काही सांगितलं होतं?”

“नाही.”

“यंत्राबद्दल? लाल रंगाबद्दल?”

“नाही जी.”

“मग कामाच्या दिवशी, अर्धी रजा टाकून, त्या परतवाड्याला कशासाठी आल्या?”

“विमा विकायले.”

“आणि काय म्हणाल्या?”

“म्हणे, कायद्यानं लागतो. सपशेल खोटं बोलली.” प्रल्हादनं खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. “मले तिची तक्रार करायची हाय.”

कामेरकर कागद वाचत होते. वाचता वाचता ते मधेच थांबले आणि त्यांनी प्रल्हादकडे चष्म्यावरून बघितलं.

“खोटं सांगून पॉलिसी विकल्याची ग्राहकाची तक्रार. कलम नऊ. हे नोंदवून घेतलं तर त्याच घटनेवर दुसरं कलम लावता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे?”

“मी अडाणी माणूस, साहेब. मले काय ठाऊक असणार.”

“कलमाचा आकडा तुम्ही बरोबर लिहिलाय.”

“तीन आठवडे घरी बसून हाय. दुसरं काय करू? तुमच्या पॉलिसीसंगं आलेले सगळे कागद वाचून काढले.”

कामेरकरांनी कागदाची घडी बोटानं सरळ केली. मग त्यांनी कागद कुंदाकडे सरकवला. “या कलमाखाली नोकरी जाते. विम्याच्या धंद्यात पुन्हा पाऊल टाकता येत नाही. पण पोलीस येत नाहीत. मजकूर मान्य असेल तर सही करा.”

अक्षर प्रल्हादचं होतं, शाळेत होतं तसंच, ओळी वर चढत जाणारं.

‘माझी मोठी बहीण कुंदा हिने मला खोटे सांगितले. मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. त्यामुळे माझा परवाना गेला व माझे काम सुटले. तिला या कामावर ठेवू नये.’

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. ती प्रत्येक वाक्यावर थांबली. शेवटच्या वाक्यावर जास्त वेळ थांबली, कारण ते लिहिताना पेन जोरात दाबलेलं होतं, कागदाला मागून उठाव आला होता. खाली जागा होती. ‘मान्य आहे’ असं लिहून तिनं सही केली.

बाहेर जिन्याच्या पायरीवर तो बसला होता. शेजारी कापडी पिशवी होती. तीही दोन पायऱ्या सोडून बसली.

“राग हाय माहा तुह्यावर,” तो समोर बघत म्हणाला.

“माहीत आहे.”

“लवकर जाणार नाही तो.”

“नाही गेला तरी चालेल.”

खालच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पिशवीतून डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं, आणि डाव्या हातानं जोर करायला त्याला अजून मनाई होती. थोडा वेळ एका हातानं खटपट करून त्यानं डबा तिच्याकडे सरकवला.

“अनसूयानं दोघांचं देलं हाय,” तो म्हणाला.

कुंदा दोन पायऱ्या सरकून त्याच्या शेजारी आली आणि तिनं झाकण उघडलं.